यामिनी इनामदार आणि स्टॅव्हरिंगांची पदवी

यामिनीताईंकडे ते जाड पाकीट आलं तेव्हा त्यांच्या नवऱ्याला, ह्यूला, जाऊन चार महिने झाले होते. मार्च २०२३. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत आमची घरं एकाच रस्त्यावर, मधे दोन घरं सोडून. त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडाच झाला होता, म्हणून ऑफिस सुटल्यावर मी टपाल वाचून दाखवायला जात असे. बिलं, औषधांच्या जाहिराती, आणि त्यात ते पाकीट. पाठवणाऱ्याचा पत्ता व्हर्जिनियातल्या हर्नडनचा, आणि त्याच्या नावाआधी छापलेलं होतं, 'सर'.

आत एक पत्र, एक प्रतिज्ञापत्र आणि झेरॉक्सचा गठ्ठा होता. पत्र ह्यूच्या चुलतभावाचं, पिअर्स स्टॅव्हरिंगचं. त्यानं लिहिलं होतं की ह्यूच्या निधनामुळे स्टॅव्हरिंग घराण्याची बॅरोनेट ही पदवी आता आपल्याकडे येते. पण लंडनच्या अधिकृत यादीत नाव चढायला हवं तर मोठ्या भावाच्या, म्हणजे ह्यूच्या वडिलांच्या, शाखेत कायदेशीर वारस उरलेला नाही हे दाखवावं लागतं. तेवढ्यासाठी मिसेस स्टॅव्हरिंग यांनी सोबतच्या कागदावर नोटरीसमोर सही करावी. मी तो कागद वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीशी थांबले.

"वाच ना," यामिनीताई म्हणाल्या.

मी वाचलं. "माझा मुलगा मिहीर याच्या जन्माच्या वेळी मी ह्यू स्टॅव्हरिंग यांच्याशी कोणत्याही प्रकारे विवाहबद्ध नव्हते."

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, चांगल्या डोळ्याजवळ धरला आणि स्वतः वाचला. मग 'कोणत्याही प्रकारे' या दोन शब्दांवर त्यांनी नख टेकवलं. त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. बाकीचे कागद डायनिंग टेबलवर तारखेप्रमाणे लावून ठेव, एवढंच मला म्हणाल्या.

तारखा हे त्यांचं आयुष्यभराचं काम होतं. एका औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली. गोळ्यांच्या प्रत्येक घाण्याची एक नोंदवही असते, कुणी काय किती वाजता घातलं याची. त्या वह्या तपासायच्या. मागची तारीख टाकून केलेली सही, आधी रिकामी सोडून नंतर भरलेली ओळ, शाईचा बदललेला रंग, हे त्यांना दिसायचंच. कंपनीत लोक त्यांना घाबरत. एकदा त्यांनी आपल्याच बॉसची सही खोटी ठरवली होती आणि तीन महिने त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून काम केलं होतं.

माहेरच्या त्या इनामदार. मिरजेपलीकडचं गाव. इनाम त्यांच्या जन्माआधीच कायद्यानं गेलं होतं, वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते, पण गावच्या जत्रेत पहिला नारळ फोडायचा मान घराकडे राहिला होता. आठ वर्षांच्या असताना त्यांनी विचारलं की या वर्षी मी फोडू का. वडील म्हणाले, मान नंदूचा. नंदू, धाकटा भाऊ, पाच वर्षांचा होता आणि त्याला नारळ उचलतही नव्हता. हे त्या मला सांगायच्या तेव्हा हसत नसत. नंदूशी त्यांचं पुढे जे बिनसलं ते तिथूनच, असं मला वाटतं.

१९८१ साली त्या मायक्रोबायोलॉजी शिकायला न्यू जर्सीत आल्या. ह्यू त्याच प्रयोगशाळेत होता, पाच वर्षांनी मोठा, उंच, कमी बोलणारा इंग्रज. त्याच्या वडिलांच्या नावाआधी काहीतरी पदवी आहे हे त्यांना दोन वर्षांनी कळलं, तेही कुणा तिसऱ्याकडून. ह्यू म्हणाला, "तुमच्या नारळासारखंच. फक्त आमच्याकडे नारळही नसतो."

पुढे ताईंनी त्या पदवीचा इतिहास शोधून काढला, आणि तो सांगताना त्यांच्या आवाजात एक धार यायची. बॅरोनेट म्हणजे लॉर्ड नव्हे. लॉर्डांच्या खालच्या, गावोगावच्या जमीनदारांची ही पदवी. नावाआधी 'सर' लागतं, आणि नाइटचं 'सर' माणसाबरोबर जातं तसं हे जात नाही, बापाकडून थोरल्या मुलाकडे येतं. १६११ मध्ये पहिल्या जेम्स राजाला आयर्लंडमधल्या फौजेसाठी पैसा हवा होता. तीस शिपायांचा तीन वर्षांचा पगार भरा आणि सर व्हा, अशी ती चक्क विक्री होती. दहा-बारा वर्षांत गिऱ्हाइकं आटली, भाव कोसळला. स्टॅव्हरिंगांनी पडत्या भावात घेतली. "आमच्या पूर्वजांनी निदान कुणाची घोडी तरी राखली असतील," ताई म्हणायच्या. "यांनी दुकानातून आणली, आणि चारशे वर्षं रक्तात आहे म्हणून सांगतात."

लग्न झालं फेब्रुवारी १९८५ मध्ये, एडिसनमधल्या एका अपार्टमेंटच्या हॉलमध्ये. सर्जन असलेले गुरुदत्तकाका तिथल्या मराठी मंडळींची लग्नं पोथी समोर ठेवून लावत. स्मोक अलार्मवर ओला टॉवेल बांधून होम केला. सप्तपदी झाली, सुमेधामावशींनी श्रीखंड केलं, अठरा माणसं जेवली. त्या दिवसापासून ताई लग्न झालेल्या होत्या. मिरजेला फोटो गेले. वडिलांनी उत्तर पाठवलं नाही.

न्यू जर्सीच्या कायद्यात मात्र आधी लायसन्स काढल्याशिवाय लग्न धरत नाहीत. ते काढायचं राहिलं. आज त्यासाठी लागणारी रक्ततपासणी राहिली, उद्या ह्यूचा पासपोर्ट व्हिसासाठी गेला, परवा साक्षीदार गावाला. ताईंना दिवस गेले होते, नोकरी नवी होती, त्यांनी फार लक्ष दिलं नाही. ९ डिसेंबरला मिहीर झाला. एप्रिल १९८६ मध्ये, तीन आठवडे सलग ऊन पडल्यावर एका मंगळवारी, ह्यू आपणहून म्हणाला, चल, आज नोंदवून टाकू. तीन वर्षांनी आरोही झाली.

एक गोष्ट ताई मोठ्या अभिमानानं सांगत. १९९२ मध्ये सासरे गेले, आणि ह्यू मागो न मागो, पदवी त्याच्याकडे आली. ९५ साली त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. इथे नागरिक होताना वंशपरंपरेची पदवी असेल तर ती सोडतो असं शपथेवर सांगावं लागतं. दोनशे माणसांच्या हॉलमध्ये एकट्या ह्यूला वेगळं उभं केलं, आणि त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं की बॅरोनेट ही पदवी मी टाकून देतो. ताईंनी त्या दिवशी जरीची साडी नेसली होती. माझ्यासाठी टाकली, असं त्यांनी धरलं. पण इंग्लंडच्या कायद्यात ही पदवी अशी टाकता येत नाही. माणूस नको म्हणाला तरी ती असते, आणि तो मेला की पुढच्याकडे जाते.

पुढचा कोण, हा प्रश्न होता. मुलगा लग्नाआधीचा असेल तर आईबापांनी नंतर लग्न केलं तरी त्याला पदवी मिळत नाही. मुलीला तर मिळतच नाही. "एक मुलगा चुकीच्या तारखेचा," ताई म्हणाल्या, "आणि बरोबर तारखेची ती मुलगी." त्यामुळे पिअर्स.

पिअर्स स्टॅव्हरिंग मी ह्यूच्या अंत्यविधीला पाहिला होता. सत्तरीकडे आलेला, कडक इस्त्रीचा माणूस. टेलिफोन कंपनीच्या कामावर ऐंशीच्या दशकात अमेरिकेत आला आणि हर्नडनला राहिला. पण पस्तीस वर्षं ग्रीन कार्डावरच. ती शपथ घ्यायला लागू नये म्हणून तो नागरिक झाला नाही, हे आम्हाला नंतर कळलं. मिहीरचा जन्म कधीचा हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, आणि तो ह्यूच्या मरणाची वाट बघत होता.

ताईंनी मुलांना फोन केले. आरोही सिअ‍ॅटलला दातांची डॉक्टर आहे. ती म्हणाली, कचऱ्यात टाक. मिहीर फिलाडेल्फियाला पुलांची तपासणी करतो. तो म्हणाला, "सो आय अ‍ॅम इल्लेजिटिमेट. ऑफिशियली." ताई म्हणाल्या, तसं काही नाही. तो म्हणाला, "इट्स ओके, आई." पण त्याचा आवाज ठीक नव्हता आणि फोन त्यानंच ठेवला.

त्या रात्रीपासून ताईंनी पिअर्सचा गठ्ठा वाचायला घेतला. सही करणार नाही हे ठरलंच होतं. पण त्यानं शिष्टाचार म्हणून, की आपलं पारडं किती जड आहे हे दाखवायला, स्वतःच्या दाव्याचे सगळे कागद जोडले होते. आणि ते त्यानं अशा बाईकडे पाठवले होते जिनं एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या तारखा तपासल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. पिअर्सचा जन्मदाखला भिंगाखाली होता. जन्म, नोव्हेंबर १९५६. नोंदणी, ऑगस्ट १९५९. कडेला बारीक अक्षरात शेरा होता की ही नोंद मुख्य निबंधकाच्या परवानगीनं केली आहे.

"पावणेतीन वर्षं पोराची नोंद केली नाही?" त्या म्हणाल्या. "का नाही केली?"

मी म्हटलं, विसरले असतील.

"केली होती. ही दुसऱ्यांदा केलेली आहे."

इंग्लंडमध्ये मुलाच्या जन्मानंतर आईबापांनी लग्न केलं की जन्माची नव्यानं नोंद करतात, आणि त्यावर असा शेरा येतो. पिअर्सच्या वंशावळीत त्याच्या आईवडिलांचं लग्न मोम्बासात १९५५ साली झालेलं दाखवलं होतं, पुढे कंसात, मूळ रजिस्टर गहाळ. ताईंनी इंग्लंडहून रीतसर लग्नाच्या दाखल्याची प्रत मागवली. जूनमध्ये ती आली. पिअर्सचे वडील लायनेल स्टॅव्हरिंग, मे १९५९, एका लहान शहरातली नोंदणी कचेरी. वर, अविवाहित. वधू, अविवाहित. मोम्बासा कुठेच नव्हतं.

म्हणजे मिहीरला जो नियम आडवा येत होता तोच पिअर्सलाही येत होता. मला वाटलं ताईंना आनंद होईल. त्या म्हणाल्या, "त्याला हे माहीत आहे का, ते मला बघायचंय."

मी त्यांना सांगितलं की कागद सरळ लंडनला पाठवून द्या, भेटायची गरज नाही. त्यांनी ऐकलं नाही. डोळ्यामुळे त्या हायवेवर ड्राइव्ह करत नव्हत्या, म्हणून सप्टेंबरमधल्या एका शनिवारी मीच त्यांना हर्नडनला घेऊन गेले. जाताना साडेचार तास लागले. ताईंनी वाटेत ह्यूचा विषय काढला नाही, मिहीर लहानपणी कसा खिडकीतून पूल मोजायचा ते सांगत राहिल्या.

पिअर्सचं टाउनहाउस बाहेरून शेजाऱ्यांसारखंच होतं. आत हॉलमध्ये कुलचिन्हाची मोठी फ्रेम, ढालीवर मधोमध लाल पंजा. बॅरोनेटांची ती खूण. त्यानं आम्हाला बसवलं, चहा दिला, आणि सही करून कागद आणलाय का असं विचारण्याआधी त्या पंजाची माहिती दिली. मी कोण हे त्यानं विचारलं नाही. मी कप घेऊन बाजूच्या खुर्चीत बसले. बोलणं अर्थात इंग्रजीत झालं.

ताईंनी पर्समधून लग्नाचा दाखला काढून त्याच्या बशीशेजारी ठेवला. त्यानं चष्मा लावला. वाचायला त्याला दोन सेकंदही लागले नाहीत. ज्याला आधीच माहीत असतं तो एवढ्यात वाचतो.

"तुम्हाला ठाऊक होतं," ताई म्हणाल्या.

"मी चाळीस वर्षांचा होतो तेव्हा आईनं सांगितलं."

"तरी माझ्या मुलाबद्दल तुम्ही मला सही मागितलीत."

"ती वस्तुस्थिती होती."

"ही पण आहे."

तो उठून खिडकीपाशी गेला. मग परत येऊन बसला आणि समजुतीच्या सुरात बोलायला लागला. मला मूल नाही. मी दहा-पंधरा वर्षं जगेन. तेवढ्यापुरती ही पदवी माझ्याकडे राहू द्या. बदल्यात मी लिहून देतो की १९८५ च्या तुमच्या त्या भारतीय समारंभाबद्दल ह्यूनं मला तेव्हाच सांगितलं होतं आणि घराण्यानं ते लग्नच मानलं होतं. माझ्यामागे मिहीरला दावा करायचा असेल तर ते उपयोगी पडेल.

मी ताईंकडे पाहिलं. सहा महिने त्या ज्यासाठी जळत होत्या तेच तो देऊ करत होता. ते लग्न होतं, असं त्यांच्यापैकी कुणीतरी कागदावर म्हणणार होतं.

"ह्यूनं तुम्हाला सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग तुम्ही खोटं लिहून देणार. माझं लग्न खरं ठरवायला."

"आपण दोघंही व्यवहारी माणसं आहोत, मिसेस स्टॅव्हरिंग."

"तुमच्याच नियमानं मी लेडी स्टॅव्हरिंग आहे," ताई म्हणाल्या. "सासरे गेले त्या ब्याण्णव सालापासून. लिफाफ्यावर तुम्ही मिसेस लिहिलंत, ते मी तेव्हाच पाहिलं. हे कागद सोमवारी लंडनला जातील."

त्या उठल्या. तेव्हा पिअर्सनं कपाटातून एक फोल्डर काढला. तो म्हणाला की आपल्या काकांचं, म्हणजे ह्यूच्या वडिलांचं, घर रिकामं करायला ह्यू आला नाही, त्यामुळे सगळी कागदपत्रं आपल्याकडे आहेत. हे दाखवायचं नव्हतं. पण तुम्ही ते पाठवणार असाल तर मी हे मिहीरला पाठवीन.

ह्यूच्या हातचं पत्र होतं, झेरॉक्स केलेलं. ताईंनी ते उभ्यानंच वाचलं, मग माझ्या हातात दिलं, कारण त्यांचा चष्मा धुरकटला होता. जून १९८५, वडिलांना. सरळ, नेटकं अक्षर. फेब्रुवारीत आम्ही इथे एक भारतीय समारंभ केला, त्याला कायद्यानं अर्थ नाही. तुमची इच्छा आहे तसं आम्ही मूल झाल्यानंतरच कचेरीत जाऊ. मुलगा झाला तरी त्याच्याकडे काही येणार नाही. माझा शब्द आहे. तिला यातलं काही माहीत नाही, आणि ते तसंच राहू द्यावं.

रक्ततपासणी, पासपोर्ट, गावाला गेलेला साक्षीदार. मला एकेक आठवत गेलं. मला आठवत होतं तर त्यांना काय झालं असेल.

"ही प्रत मी नेऊ का?" ताईंनी विचारलं.

"न्या."

"मिहीरला तुम्ही पाठवू नका. त्याला मी सांगेन. आणि सोमवारी नाही, आजच पोस्ट करते."

शनिवारी दुपारी पोस्ट बंद होण्याआधी वीस मिनिटं आम्ही हर्नडनच्या पोस्टात पोचलो. ताईंनी पत्ता स्वतःच्या हातानं लिहिला, पिअर्सच्या जन्माचा दाखला, त्याच्या आईवडिलांच्या लग्नाचा दाखला, आणि सोबत एक पानी पत्र, जे त्यांनी घरूनच टाइप करून आणलं होतं. त्यात मिहीरसाठी काहीही मागितलं नव्हतं. फक्त दोन्ही शाखांच्या तारखा होत्या.

परतताना मेरीलँडमध्ये पेट्रोलसाठी थांबलो. मी पंपावर उभी होते, त्या गाडीत. काच खाली करून त्या म्हणाल्या, "सासऱ्यांचं मला कळतं. त्यांना काळा नातू नको होता, त्यांनी तसं सांगितलं. शत्रू होते, शत्रूसारखे वागले. पण याच्याबरोबर मी सदतीस वर्षं झोपले."

मी नळी पंपावर परत टांगली. त्यांनी काच वर केली.

ह्यूचा दिवाणखान्यातला फोटो दुसऱ्या दिवशी नव्हता. त्यांच्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी ह्यूची आठवण काढली, किती चांगला माणूस, पुरणपोळी हातानं खायचा, तर ताई ताट तसंच ठेवून निघून आल्या. लोकांना वाटलं दुःख. ते दुःख नव्हतं, मी सांगते. ज्याच्यावर ओरडायचं तो हयात नसेल तर माणूस जसा होतो तशा त्या झाल्या होत्या. एकदा मला म्हणाल्या की तो आजारी असताना मी आठ महिने त्याचं सगळं केलं, त्यातला एक दिवस तरी त्यानं मला हे सांगायला वापरला असता.

मिहीरला मी सांगेन म्हणाल्या होत्या, पण चार महिने सांगितलं नाही. पिअर्स आपली धमकी खरी करेल असं मी धरून चालले होते. पण त्यानंही काही पाठवलं नाही. शेवटी जानेवारी २०२४ मध्ये लंडनहून उत्तर आलं तेव्हा गत्यंतर उरलं नाही. उत्तर चार ओळींचं होतं. सादर पुराव्यावरून कोणाचाही वारसा सिद्ध होत नाही, सबब कोणाचंही नाव यादीत घेता येत नाही. स्टॅव्हरिंग बॅरोनेटांची रांग, कागदावर तरी, तिथे थांबली.

मिहीर रविवारी आला. ताईंनी मला थांब म्हटलं, कदाचित एकट्यानं सांगायचा धीर होत नसेल. त्यांनी त्याच्यासमोर दोन कागद ठेवले, आधी लंडनचं पत्र आणि मग वडिलांचं. त्यानं दुसरं तीनदा वाचलं. मला वाटलं तो बापाबद्दल काही बोलेल. तो आईकडे वळला.

"तू हे कधी पाठवलंस?"

"सप्टेंबरमध्ये."

"मला न विचारता."

"तुला ते नको होतं, मिहीर. तूच म्हणालास, इट्स ओके."

"नकोच होतं," तो म्हणाला. तो क्वचित इतकं मराठी बोलतो. "पण नको मला म्हणायचं होतं. आजोबांनी माझ्यासाठी ठरवलं, बाबांनी ठरवलं, आणि मग तू. कुणी मला विचारलंच नाही."

ताई म्हणाल्या की त्या पिअर्सनं तुला काय म्हटलं होतं ते विसरलास का. तो म्हणाला, तो परका आहे, त्याचं मला काही वाटत नाही. मग त्यानं विचारलं, "बाबांना मी हवा होतो का?"

इथे ताई खोटं बोलू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, "हवा होतास. तुला पहिल्यांदा उचललं तेव्हा मी बघत होते. पण वडिलांना नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. ती नंतर आली, ते मेल्यावर. त्या शपथेच्या हॉलमध्ये."

मिहीर उठला, कोट घातला आणि गेला. पत्राची प्रत त्यानं नेली. मार्चपर्यंत त्यानं फोन केला नाही. मग दर दुसऱ्या रविवारी करायला लागला, पाच-सात मिनिटं, हवा, आरोग्य, पुलांची कामं. पूर्वीसारखं नाही. ताई फोनजवळ बसून असतात आणि तो वाजला की तीन वेळा वाजू देतात.

पिअर्सविरुद्ध त्या जिंकल्या का, असं मला मंडळातली इला विचारते. ती गोष्ट तिला कुठून तरी कळली आहे. मी तिला सांगते की पिअर्सच्या लेटरहेडवर अजून 'सर' आहे. हर्नडनमध्ये त्याला कोण अडवणार? तिथल्या क्लबात, दवाखान्यात, शेजारी सगळे त्याला सर पिअर्सच म्हणतात आणि त्यांना लंडनच्या यादीशी काही देणंघेणं नाही. पण त्याला स्वतःला माहीत आहे, आणि ते यामिनी इनामदारांनाही माहीत आहे हेही त्याला माहीत आहे. ताईंना तेवढं पुरतं असं त्या म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याच्याशी त्यांचं खरं भांडण आहे त्याला यातलं काहीच ऐकू जात नाही.

ह्यूच्या अस्थी अजून घरात आहेत. कपड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर, करड्या रंगाच्या खोक्यात. इंग्लंडमध्ये त्यांच्या गावच्या चर्चच्या आवारात, वडिलांशेजारी पुराव्यात असं त्यानं लिहून ठेवलं होतं. या मे महिन्यात आरोही आली होती. तिनं सुट्टी काढली होती, तिकिटं बघून ठेवली होती, आई, आपण दोघी जाऊन येऊ म्हणाली. ताईंनी तिला जेवायला वाढलं, तिच्या दवाखान्याची चौकशी केली, आणि म्हणाल्या की तुला न्यायचं असेल तर ने, मी त्या माणसाच्या शेजारी त्याला ठेवायला येणार नाही. आरोहीनं खूप समजावलं, दोघी मोठ्यानं बोलल्या, ते मला माझ्या अंगणात ऐकू आलं. तिसऱ्या दिवशी ती एकटीच सिअ‍ॅटलला परत गेली. खोकं तिनं नेलं नाही.